पिल्लू शिवेना

मला मांजरं आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्या पिल्लासाठी जे जे केलं त्याला कोणी माया वगैरे म्हणायला नको. ते सगळं मी आईच्या पोटात चार घास जावेत म्हणून केलं. करताना अर्धा वेळ मी चिडलेली होते आणि उरलेला वेळ दमलेली.

बाबा गेले त्यानंतरची ही गोष्ट. आम्ही लालबागचे. चाळ पाडून टॉवर उभा राहिला, त्यात चौदाव्या मजल्यावर आम्हाला खोल्या मिळाल्या, आणि तिथे आई, बाबा आणि मी असे तिघं राहत होतो. लग्न मी केलं नाही. विम्याच्या कचेरीत नोकरी करते, पन्नाशीला टेकले आहे. बाबा दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. आई आत कोलंब्या सोलत होती. तिने हाक मारली, उत्तर आलं नाही, आणि तिला वाटलं, नेहमीसारखे मुद्दाम ऐकत नाहीयेत. म्हणून तीही घुश्शातच आणखी थोडा वेळ सोलत बसली.

दहावा बाणगंगेला झाला, चुलतभावाने केला. कावळ्यांची काही कमी नव्हती. कठड्यावर ओळीने बसले होते. एकेक खाली उतरायचा, पिंडाभोवती दोन पावलं टाकायचा, मान वाकडी करून बघायचा आणि उडून जायचा. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलंय, असं आमच्यात धरतात. मग घरातले एकेक जण हात जोडून सांगतात, अमुक करू, तमुक करू, आणि ज्या शब्दावर कावळा शिवेल ती इच्छा राहिली होती असं समजायचं. तोवर घरचं कोणी जेवत नाही. आम्ही सगळ्यांनी सगळं सांगून पाहिलं. चुलतभाऊ म्हणाला, काकीची काळजी घेऊ. मी म्हटलं, आईला सोडून कुठे जाणार नाही. आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, आलीच नव्हती, तिचं-बाबांचं बोलणं बंद होतं, म्हणून तिच्या वतीनेही कोणीतरी काहीतरी पुटपुटलं. कावळे ढिम्म. माझं मत विचाराल तर मुंबईचे कावळे फरसाण खाऊन माजलेत, त्यांना भाताचं काय पडलंय. ऊन चढलं, मागे दुसरी माणसं ताटकळत होती. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि आम्ही सुटलो.

टॅक्सीत बसल्यावर आई म्हणाली, ‘गवताचा कावळा.’

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि आई रोज दुपारी खिडकीत भाताचं पान ठेवायला लागली. आता आमच्या खिडक्यांना कबुतरांची जाळी. कावळा येणार कुठून? तिने कात्रीने जाळीचा एक कोपरा कापला. त्यातून कबुतर आलं. तिने कबुतराला लाटणं दाखवलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर भाताचे फोटो टाकले, आणि मला ऑफिसात बसून माफी मागावी लागली. मी तिला समजावलं, ओरडले, मग पुन्हा समजावलं. तिने पान ठेवणं बंद केलं. मला वाटलं, चला, निभावलं.

मग एक दिवस ती खाली दूध आणायला गेली आणि पदरात मांजराचं पिल्लू घेऊन वर आली. पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरखाली बसलं होतं म्हणे. राखाडी रंगाचं, हाडं मोजून घ्यावीत असं, डोळे चिकटलेले, दर मिनिटाला शिंकणारं. जी बाई आयुष्यभर चाळीच्या जिन्यावरून मांजरांना शुक् शुक् करत हाकलत आली, तिने ते बाबांच्या खुर्चीजवळ ठेवलं, बशीत दूधभात कालवला, बशी त्याच्यापुढे सरकवली आणि दोन पावलं मागे येऊन उभी राहिली. पिल्लू पुढे आलं. बशीभोवती दोन पावलं चाललं. मान वाकडी करून बघितलं आणि पाठ फिरवून खिडकीखाली जाऊन बसलं.

‘शिवलं नाही,’ आई म्हणाली.

तो शब्द मी ऐकला, पण लक्ष दिलं नाही. मला भूक लागली होती. तिने मला वाढलं. माझं अर्धं जेवण झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की तिने स्वतःचं ताटच घेतलेलं नाही. विचारलं तर म्हणाली, ते शिवल्याशिवाय मी कशी जेवू?

‘ते’ म्हणजे पिल्लू.

मी तिला विचारलं, बाई गं, तुला ते मांजर बाबा वाटतंय का? यावर ती माझ्यावरच उखडली. मी काय वेडी आहे का, म्हणाली. कावळा तरी कुठे गेलेलं माणूस असतो? कावळा नुसता निरोप नेतो. तुमच्या जाळीमुळे कावळा येत नाही, मग त्यांनी दुसरं कोणाला पाठवायचं? पन्नास वर्षं संसार करून माणूस असं वकिलासारखं बोलायला शिकतं की काय कोण जाणे.

खरी भीती वेगळी होती. आईला साखरेचा आजार, तोही जुना. सकाळ-संध्याकाळ गोळी, आणि गोळीनंतर वेळेवर जेवण. गोळी ती इमानदारीने घ्यायची, कारण बाबांनी तशी सवय लावली होती. जेवायची नाही. चहा-बिस्किट चालत होतं, ते जेवण नव्हे असा तिचा कायदा होता. बाबा गेल्यापासून तसंही तिचं खाणं चिमणीएवढंच झालं होतं, आता तेवढंही गेलं. आमच्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, साखर एकदम खाली आली तर उठवायला वेळ मिळणार नाही, त्यांना काहीही करून खायला घाला. तोवर गोळी निम्मी करायला सांगितली. आता काहीही करून म्हणजे काय, तर आधी मांजराला खायला घाला. एकीच्या घशात घास जायला दुसऱ्याच्या घशातून वाट काढायची होती.

मग माझी वरात सुरू झाली. दूधभात नको, तर नुसतं दूध. दूध नको, तर दही. अंड्याचा पिवळा बलक आणून दिला, त्याने त्यात पाय बुडवला आणि घरभर पिवळी पावलं उमटवली. परळच्या दुकानातून मांजराच्या खाण्याची पाकिटं आणली. ते खाणं त्याने असं हुंगलं, की जणू मी त्याला जुनी चप्पल दिली. कोंबडीवाल्याकडून कलेजी आणली आणि उकडली, घरभर वास सुटला. मला मळमळलं, पिल्लाला काहीच झालं नाही. ऑफिस सुटलं की दादरच्या बाजारात मासळीवाल्यांसमोर उभी राहायचे. मांदेली घ्यायची, हळद-मीठ न घालता उकडायची, आणि बोटांनी एकेक काटा काढत बसायची. आयुष्यात मला स्वतःला कोणी काटा काढून मासा भरवला असेल तर तो लहानपणी, आणि मी इथे एका रस्त्यावरच्या मांजराची दासी झाले होते. तेही कसलं मांजर, तर मांदेली नाकारणारं.

सगळ्यात वाईट म्हणजे त्याची एक खोड होती. नको असलेल्या बशीशेजारी बसून ते पुढच्या पंजाने लादी खरवडायचं, माती ओढून वर टाकावी तसं. मांजरं तसं करतात, मला ठाऊक आहे. आईला ते बघवत नसे. ‘माती टाकतायत,’ असं म्हणून ती आत निघून जायची, आणि त्या दिवशी तिला चहाही नकोसा व्हायचा. मी ती बशी त्याच्यापुढून झटकन उचलायला शिकले.

एकदा मी शहाणपणा केला. ड्रॉपरने पिल्लाच्या तोंडात दूध सोडलं. गेलं. आईला हाक मारून म्हटलं, बघ, पोटात गेलं, आता जेव. तिने ड्रॉपरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, हा पण गवताचाच. म्हणजे जबरदस्तीने घातलेलं चालत नव्हतं. त्याच्या मनाने पाहिजे होतं. ड्रॉपरवर पिल्लू जगलं, आई काही जगत नव्हती.

शेजारच्या आंटी अधूनमधून डोकावायच्या. त्या ख्रिश्चन, जन्मापासून परळच्या, आईच्या वयाच्या. त्यांना सगळं सांगितलं तर हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. आमच्याकडे पण क्रॉसपुढची मेणबत्ती विझली की माझी मम्मी जेवायची नाय, म्हणाल्या, आणि आईसाठी पेज ठेवून गेल्या. आईने पेज पातेल्यासकट फ्रिजमध्ये ठेवली. मांजर जेवल्यावर, म्हणाली.

आणि मग वचनं सुरू झाली. दर जेवणाच्या वेळेला आई बशी ठेवायची, हात जोडायची आणि बाबांशी बोलायची. माझ्याशी ती लालबागचं मराठी बोलते, बाबांशी गावचं मालवणी. ‘काय रवला तुमचा? तुमका काय होया ता सांगा,’ असं विचारायची आणि मग एकेक गोष्ट पुढे करायची. यंदा गणपतीला गावी जाऊ. तुमची खुर्ची कोणाला देणार नाही. तुमच्या मित्रांना चहाला बोलावू, ते सिगारेटी ओढले तरी चालेल. पिल्लू शिंकायचं. मी दारात उभी राहून ऐकायचे, कारण यातलं प्रत्येक वचन पुढे मलाच पाळायचं होतं. ते काम तिने मला कधी विचारून दिलं नाही.

बोलणं बंद असलेल्या त्या वडाळ्याच्या आत्याला घरी बोलावण्याचं वचन तर तिने दिलं आणि ताबडतोब मला फोन लावायला सांगितलं. आत्या आली, रडली, दोघी गळ्यात गळा घालून बसल्या. तुटलेलं नातं जुळलं, चांगलंच झालं. आत्याने बशी स्वतःच्या हाताने पिल्लापुढे ठेवली. पिल्लाने तिच्या साडीच्या काठाला नाक पुसलं आणि खुर्चीखाली गेलं. आत्या चकली खाऊन गेली, आई उपाशी राहिली.

दुसऱ्या दिवशी आईने माझं लग्न लावून टाकलं. म्हणजे, हात जोडून पिल्लाला सांगितलं की हिचं लग्न करून देऊ. त्या दिवशी माझा तोल सुटला. मला गुडघ्याचा त्रास आहे, चष्म्याचा नंबर वाढतोय, ऑफिसात मुलं मला मॅडम म्हणतात, आणि मला एका शिंकणाऱ्या मांजराच्या नावाने उजवायला निघालीस? आवाज चढला. पिल्लू कपाटामागे पळालं. आई हात सोडून आत जाऊन पडली. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त थकवा आला. मी बाबांच्या खुर्चीत बसले आणि खरंच बाबांचा राग आला. आयुष्यभर कधी काही मागितलं नाहीत, आणि आता मेल्यावर नेमकं काय हवंय ते तरी सांगा ना.

त्याच आठवड्यात दुपारी आंटींचा ऑफिसात फोन आला. आई भिंतीला धरून खाली बसली होती, घामाने भिजलेली, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. आंटींनी साखरेचं पाणी पाजलं होतं. मी घरी पोचेपर्यंत ती बरी झाली होती आणि आंटींनी पाणी पाजलं म्हणून त्यांच्यावरच रुसून बसली होती. मी तिचे पाय चेपत बसले. तिच्या पिंढऱ्या केवढ्याशा झाल्या होत्या. मी घाबरले होते, सरळ सांगते. बाबांचा दहावा अजून डोळ्यांसमोर होता आणि मला दुसरा दिसायला लागला होता. त्या दिवशी मी तिला म्हटलं, आई, मी एकटी पडेन गं. तिने माझ्या डोक्यावर हात फिरवला. जेवायला मात्र उठली नाही.

शनिवारी मी पिल्लाला पिशवीत घालून माटुंग्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. माझ्या डोक्यात हे आधी का आलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. बहुधा इतके दिवस मीही नकळत ते मांजर आजारी नसून अडून बसलंय असंच धरून चालले होते. डॉक्टरीणबाईंनी त्याचं नाक बघितलं आणि म्हणाल्या, सर्दी आहे हो, नाक पार बंद आहे. मांजराला वास आला नाही की ते खात नाही, तुम्ही काहीही द्या. त्यांनी औषध दिलं. कोमट पाण्याच्या कापसाने नाक साफ करायला आणि खाणं गरम करून द्यायला सांगितलं. येताना टॅक्सीत मी एकटीच हसले. पिशवीतून शिंक आली.

घरी आईला मी फक्त एवढंच सांगितलं की औषध आणलंय. नाकाचं बोलले नाही. बोलले असते तरी ती म्हणाली असती, मग नाक कोणी बंद केलं?

संध्याकाळी, पुन्हा रविवारी सकाळी मी पिल्लाचं नाक साफ केलं. सुकलेला शेंबूड निघाला, त्याने मला ओरबाडलं, मी त्याला मालवणीत शिव्या दिल्या. दुपारी मांदेली उकडली, काटे काढले, वाफ निघत असतानाच बशीत घातली. तेवढ्यात आई मोरीतून न्हाऊन बाहेर आली. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, घडीचं, बाबांनी घेतलेलं. केस विंचरलेले. मला म्हणाली, तू जरा आत जा. आज मला त्यांच्याशी एकटीने बोलायचंय.

मी स्वयंपाकघरात गेले, पण दाराआडून बघत राहिले. मला काहीतरी बरं दिसत नव्हतं. इतके दिवस ती वचनं माझ्यासमोर, आत्यासमोर, आंटींसमोर देत आली होती. असं कोणतं वचन होतं जे माझ्यापासून लपवायचं होतं?

तिने बशी ठेवली. दोन पावलं मागे आली. पदर सारखा केला, हात जोडले, मोठा श्वास घेतला. ‘अहो,’ ती म्हणाली.

पिल्लाने नाक वर केलं. एकदा, दोनदा हवा हुंगली आणि सरळ येऊन बशीत तोंड घातलं. गुरगुरत खात होतं, जसं कोणी हिसकावून घेईल. मांदेली संपवली आणि बशी चाटायला लागलं. बशी चाटताना लादीवर सरकत होती आणि ते तिच्यामागे सरकत होतं.

आईचे हात जोडलेलेच होते. मी बाहेर आले. मला वाटलं होतं, ती आनंदाने रडेल. तिने माझ्याकडे बघितलं तेव्हा चेहऱ्यावर भलतंच काहीतरी होतं, चारचौघांत कोणी बोलता बोलता गप्प करावं तसं.

‘माका बोलूकच दिला नाय,’ ती म्हणाली.

मी विचारलं, काय बोलणार होतीस?

ती खाली बघून लुगड्याची घडी नीट करत राहिली. मग म्हणाली, ‘मी तुमच्या पाठोपाठ येतंय, म्हणणार होतंय.’

मी तिचा दंड धरला, तिला सावरायला की स्वतःला, ठाऊक नाही. एकेक करून तिने सगळं देऊन पाहिलं होतं, गाव, खुर्ची, आत्या, मी. आता तिच्याकडे एकच द्यायचं उरलं होतं आणि ते द्यायला ती न्हाऊन, ठेवणीतलं नेसून आली होती.

ती खुर्चीकडे बघत होती. ‘नको म्हणाले,’ ती म्हणाली. ‘मी तोंड उघडायच्या आधीच. एवढं कसलं ते नको.’

मग माझा हात सोडवून ती पाटावर बसली आणि म्हणाली, वाढ. मी भात वाढला, वर आमटी, आंटींचं लोणचं. ती जेवली. मान खाली घालून, भराभरा जेवली, आणि मध्येच खुर्चीकडे अशी एक नजर टाकली की मी ती लहानपणापासून ओळखते. बाबा पगाराच्या दिवशी उशिरा यायचे तेव्हाची ती नजर. बाबा गेल्यापासून ती त्यांच्यासाठी रडली होती, झुरली होती, हात जोडून उभी राहिली होती. रुसली आज पहिल्यांदा. मी तिला न विचारता आणखी भात वाढला.